मे महिन्यातलं बाळंतपण

आमच्या गावाची हवा चांगली आहे, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. जन्मभर तीच हवा नाकातोंडात घेऊन आम्ही खोकत, तापत, म्हातारे होत होतो. मग गिरगावातल्या कुणा डॉक्टरने आपला एक छातीचा रोगी मालगुंडच्या पुढे, आमच्या या वाळूच्या पट्टीवर धाडला. तो बाबा उन्हाळाभर सुरूच्या सावलीत आरामखुर्ची टाकून बसला, शहाळी प्यायला आणि अंगाने भरून परत गेला. पुढल्या वर्षी मेला म्हणे. पण मुंबईत मेला, त्यामुळे आमच्या हवेला बोल लागला नाही.

त्यानंतर दर उन्हाळ्याला जयगडच्या बंदरात आगबोट लागली, की पडावाच्या होड्यांतून ट्रंका, वळकट्या, हार्मोनियम आणि रडणारी पोरं उतरायला लागली. बैलगाड्यांची रांग लागायची. आमच्या हवेत आयोडीन आहे असं त्या लोकांनी आम्हाला सांगितलं. आयोडीन म्हणजे काय हे गावात एकालाही माहीत नव्हतं, पण ते आपल्या मालकीचं आहे एवढं सगळ्यांना लगेच कळलं.

माझा भाऊ भिकाजी याला तर ते सगळ्यात आधी कळलं. मी त्याची थोरली बहीण. लुगडं नीट नेसता यायच्या आत विधवा झाले, डोकं भादरून, आलवण नेसून माहेरी परत आले. आई गेल्यावर भिकूला मीच वाढवला. पुढे त्याचं लग्न झालं, यमुना घरात आली, सगुणा झाली. चौघांचं ते घर होतं आणि तेव्हा त्यात आम्ही राहतही होतो.

पहिल्या वर्षी भिकूने ओटीवरची खोली पाहुण्यांना दिली. दुसऱ्या वर्षी माजघर दिलं आणि आम्ही पडवीत आलो. तिसऱ्या वर्षी पडवीही गेली आणि आम्ही गोठ्यात आलो. आम्ही गोठ्यात आलो म्हटल्यावर गुरांनी कुठे जायचं? गुरं विकली. मग पाहुण्यांना दूध हवं, म्हणून त्याच गाईंचं दूध आम्ही विकत घ्यायला लागलो. हा व्यवहार भिकू ज्याला त्याला मोठ्या अभिमानाने सांगायचा आणि ऐकणारे माना डोलवायचे, कारण त्यांनीही तेच केलेलं असायचं.

गाव सगळंच तसं झालं होतं. मिरगाच्या आधी शेतात पालापाचोळा जाळून भाजावळ करायची, तर धुराने पाहुण्यांचे डोळे चुरचुरतात म्हणून ती बंद. वाळूवर मासळी सुकत घालायची मुसलमानांची पिढ्यान्‌पिढ्यांची जागा. वास येतो म्हणून त्यांना खाडीच्या तोंडाकडे, आमच्या माडांच्या वाडीपलीकडे हाकललं. अंडी, दूध, पायरी आंबा, चांगला तांदूळ सगळं पाहुण्यांना. आमच्या पोरांना कोरा चहा. आणि जून उजाडला, पाहुणे गेले, की गाव पावसाळाभर बसून पुढच्या मे महिन्याच्या गोष्टी करायचं. शेतं पड पडली तरी कुणाला खंत नव्हती.

भिकूच्या घराला मात्र गावात सगळ्यात जास्त मागणी होती, कारण त्याच्याकडे मी होते. सोवळ्यात स्वयंपाक करणारी विधवा बाई ही जुन्या वळणाच्या पाहुण्यांना आयोडीनपेक्षाही जास्त हवी असते. भिकू मुंबईला पत्रं धाडायचा त्यात लिहायचा, ‘घरी भगिनी सोवळ्यात रांधते.’ विहिरीला पाणी गोडं आहे, घर कौलारू आहे, भगिनी रांधते.

शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या पुढल्या वर्षीची ही गोष्ट. सगुणेला चिपळूणला दिली होती. तिचं पहिलं बाळंतपण. पहिलटकरीण माहेरी यायची हे काही कुणी सांगावं लागत नाही. चैत्रात जावईबापू तिला पोचवून गेले. पोर गाडीतून उतरली ती सुजलेल्या पायांनी, पण काय हसत होती! तुळशीला हात जोडून सरळ माजघराच्या दाराशी गेली. दाराला कुलूप. आत पाहुण्यांसाठी नव्या खाटा मांडून ठेवलेल्या.

“बाळंतिणीची खोली कुठली करायची गो आत्या?” तिने मला विचारलं.

मी भिकूकडे बघितलं. तो बोटांवर महिने मोजत होता.

“म्हणजे वैशाखाच्या शेवटी,” तो म्हणाला. “ऐन सीझनमध्ये.”

“मग काय करायचं बाबा? पोटातल्याला सांगू, जरा पाऊस पडेपर्यंत थांब म्हणून?” सगुणा हसून म्हणाली. तिला वाटलं बाप चेष्टा करतोय.

भिकूला खोलीची तितकी काळजी नव्हती. काळजी होती सोयराची. मुलगी माहेरी बाळंत झाली की घराला सोयर. सोयराच्या घरचं सोवळ्यातले पाहुणे पाणीसुद्धा घेणार नाहीत. आणि त्या वर्षी येणार होते ते गिरगावातले एक वकील, त्यांची बायको, मुलं आणि सासूबाई. या सासूबाईंचं सोवळं इतकं कडक, की त्यांनी आधीच पत्र लिहून विचारलं होतं, स्वयंपाकघरात मांजर येतं का.

भिकू गेला आप्पांकडे. आप्पा आमचे उपाध्ये. त्यांच्याही दोन खोल्या सीझनला जात होत्या, त्यामुळे त्यांना भिकूचं दुःख चटकन समजलं. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि सांगितलं, की बाळंतपण वेगळ्या छपराखाली झालं आणि घरचं कुणी बाळंतिणीला शिवलं नाही, तर मूळ घराला सोयर लागण्याचं कारण नाही.

“वेगळं छप्पर म्हणजे?” मी भिकूला विचारलं.

“वाडीतली खोपी आहे ना.”

वाडीतली खोपी म्हणजे नारळ ठेवायची झापांची झोपडी. गावापासून लांब, खाडीच्या बाजूला. जमीन नीट सारवलेली नाही, वर झावळ्या, विंचवांचा सुळसुळाट.

“यमू, तू काही बोलणार आहेस की नाही?” मी यमुनेला म्हटलं.

नवऱ्यापुढे ती कधीच बोलली नव्हती, तेव्हा आता एकदम कुठून बोलणार? रात्री मात्र ती खोपी सारवायला गेली आणि डोळे लाल करून परत आली. मला तिची कीव आली आणि रागही आला. राग जास्त.

वकिलांचं बिऱ्हाड आलं त्याच्या आदल्या दिवशी सगुणेला खोपीत हलवलं. पोटावर हात धरून, मधेमधे थांबत ती माडांमधून चालत गेली. मी तिच्या मागून गोधड्या घेऊन जात होते आणि मनातल्या मनात भावाला ज्या शिव्या देत होते, त्या सोवळ्या बाईने द्यायच्या नव्हत्या.

खोपीच्या कुंपणापलीकडे खुर्शीद राहायची. मासळीवाल्यांना हाकललं तेव्हा तिचं घरही तिकडे गेलं होतं. नवरा हारुन बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा घरी यायचा. खुर्शीदला स्वतःची पाच पोरं होती. आपल्याला ज्यांनी हाकललं त्यांच्यातलीच एक पोर पोट घेऊन शेजारी येऊन पडलीय हे बघून ती हसली असती, तरी मी तिला दोष दिला नसता. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने कुंपणाची एक झाप काढली आणि येण्याजाण्याची वाट केली.

इकडे वकिलांच्या सासूबाईंनी माझी परीक्षाच मांडली. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसायच्या आणि मी ओलेत्यानेच पाणी आणलं ना, चुलीला आधी पोतेरं दिलं ना, ते बघायच्या. वकील किनाऱ्यावर सकाळ-संध्याकाळ लांब श्वास घ्यायचे. आत ओढताना असे डोळे मिटायचे, जणू भिकूने ती हवा त्यांना तोलून दिली होती. त्यांच्या बायकोला आमची गरिबी फार आवडली. कुळथाचं पिठलं, नाचणीची भाकरी, घोट्या म्हणजे फणसाच्या उकडलेल्या बिया, जे आम्ही नाइलाजाने खायचो ते ती “किती गोड गं!” म्हणून चाखायची आणि अर्धं ताटात टाकायची.

“तुमची मुलगी सासरी असेल ना?” तिने एकदा यमुनेला विचारलं.

“हो,” माझा भाऊ ओटीवरून म्हणाला. “चिपळूणला असते.”

यमुना खाली मान घालून नारळ खवत राहिली.

सगुणेला कळा लागल्या त्या दिवशी पाहुणे पहाटेच गाड्या जोडून गणपतीपुळ्याला दर्शनाला गेले होते. परत येऊन घरच्या गणपतीला मोदकांचा नैवेद्य दाखवायचा, असं सासूबाई सांगून गेल्या होत्या. आम्ही दोघी सकाळपासून उकड मळत होतो. पहिलं मोदकपात्र चुलीवर चढवलं, तोच मागल्या दारी तुळशीपलीकडून खुर्शीदची हाक आली.

“आक्का! पोर सकाळधरनं कळवळताय. आता पानी गेलं. लवकर चला!”

यमुनेच्या हातातली पारी तिथेच फाटली. भिकू आला.

“सुईणीला बोलव,” मी म्हटलं.

“भागी येणार नाही. ती शेजारच्या सदूकडच्या पाहुण्यांच्या बायकांना तेल लावायला जाते. सीझनभर बाळंतपणं घेत नाही, असं तिने आधीच सांगितलंय.”

“म्हणजे तू विचारून आला होतास.”

“आक्का, पहिल्या बाळंतपणाला वेळ लागतो. तेवढ्यात मोदक होतील. नैवेद्य झाला, पानं वाढून झाली, की मग यमूला जाऊ दे. तू मात्र जायचं नाहीस. तू शिवलीस तर सगळंच बसलं.”

हे तो हळू आवाजात, अगदी समजूतदारपणे बोलला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. मी या माणसाला गोवर आला तेव्हा मांडीवर घेऊन रात्री काढल्या होत्या. मी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि हातातला झारा खाली ठेवला.

“यमू, चल.”

यमुनेने नवऱ्याकडे बघितलं. मग उकडीने भरलेल्या आपल्या हातांकडे बघितलं. “वन्सं, तुम्ही व्हा पुढे,” ती म्हणाली.

मी पुढे झाले. म्हातारपणी मी कधी पळेन असं वाटलं नव्हतं, पण त्या दिवशी माडांमधून पळत गेले.

खोपीत शिरले तर सगुणा खुर्शीदच्या गळ्यात हात टाकून उकिडवी बसली होती. केस घामाने चिकटलेले. मला बघून म्हणाली, “आत्या, तू शिवू नको हो. बाबा रागावतील.”

“तुझ्या बाबाला चुलीत घाल,” मी म्हटलं आणि तिला मागून घट्ट धरलं.

माझ्या या हातांनी तोवर कुणाचं बाळंतपण केलं नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीत मला कोण बोलावणार? खुर्शीद सांगेल तसं मी करत गेले. पाणी तापव, इथे दाब, पोरीला बोलतं ठेव. दुपार कलली तशी सगुणेची ताकद संपत आली. एकदा तिचे डोळे फिरले तेव्हा खुर्शीदने तिच्या गालावर चापट मारली आणि ओरडली, “झोपतेस काय गो? आत्ताच झोपायचं सुचलं व्हय?” आणि शेवटी पोर बाहेर आलं ते निळं, गळ्याला नाळेचा वेढा. खुर्शीदने बोट घालून वेढा सोडवला, पायाला धरून उलटं केलं, पाठीवर थापट्या मारल्या. काही नाही. परत मारल्या. मी देवाचं नाव घेत होते की शिव्या देत होते, मला आठवत नाही. मग ते रडलं. मांजरासारखं, पण रडलं.

मुलगी होती. मी तिला आलवणाच्या पदरात घेतली.

यमुना आली तेव्हा नाळ कापून झाली होती. हाताला उकड वाळून पांढरी झाली होती. ती दारातच मटकन खाली बसली आणि हुंदके द्यायला लागली.

“मोदक झाले?” मी विचारलं.

तिने मान हलवली. “झाले.”

“मग आता इथे बस. उठू नकोस.”

मी घराकडे निघाले तेव्हा आंघोळ केली नाही, लुगडं बदललं नाही. पदराला रक्त होतं ते तसंच होतं. ओटीवर पाहुणे पानं मांडून बसले होते. नैवेद्य झाला होता, मोदक पानात पडले होते, वकील तूप वाढून घेत होते. भिकूने मला अंगणात बघितलं आणि धावत पुढे आला.

“मागून जा,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “आधी विहिरीवर आंघोळ कर आणि भाताला लाग. कुणाला कळतंय?”

तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं, की सोयराशीही त्याला काही देणंघेणं नव्हतं. शिवाशीव झालेल्या माझ्या हातचाच भात तो त्या म्हातारीला सोवळ्याचा म्हणून वाढणार होता. पोरीला खोपीत टाकली होती ती धर्मासाठीसुद्धा नाही.

मी त्याला बाजूला सारून ओटीच्या पायरीशी गेले.

“अहो बाई,” मी सासूबाईंना म्हटलं, “भिकाजीची लेक बाळंत झाली. वाडीतल्या झोपडीत. मुसलमान बाईने सोडवली आणि पोर मी हातात घेतली. या घराला सोयर आहे.”

वकिलांचा तुपाचा हात थांबला. त्यांच्या बायकोने तोंडाला पदर लावला. सासूबाईंनी माझ्या पदराकडे बघितलं, मग आपल्या पानातल्या मोदकांकडे.

“मूल कधी झालं?” त्यांनी विचारलं.

“आत्ताच. ऊन उतरताना.”

“मग मोदक त्याआधीचे आहेत,” सासूबाई म्हणाल्या. “नैवेद्यही होऊन गेलाय. या पानाला दोष नाही.” आणि त्यांनी मोदक फोडला.

मी हसले. मला वाटतं, जोरात हसले. मग मी तशीच, रक्ताच्या पदराने, स्वयंपाकघरात शिरले आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एकेका वस्तूला हात लावत गेले. पाण्याचा हंडा. पिठाचा डबा. तुपाचं भांडं. लोणच्याची बरणी उघडून आत बोट घातलं. तांदळाच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला. भिकू दारात उभा राहून “आक्का, आक्का” म्हणत होता. मला धरायला त्याचा हात पुढे येत नव्हता, कारण मला शिवला तर तोही गेला.

सासूबाईंनी पानातले मोदक संपवले, आचवल्या आणि मग संतापल्या. उजाडायच्या आत वकिलांचं बिऱ्हाड शेजारी सदूकडे हललं. सदूच्या घरी त्या आठवड्यात चुलत्याचं सुतक होतं. पण ते त्याने पावसाळ्यावर ढकललं होतं, त्यामुळे पाहुण्यांना तिथलं जेवण फार रुचलं.

गावाने मला नावं ठेवली. विहिरीवर बायका म्हणाल्या, “घरच्या माणसाने असं करावं? पुढच्या वर्षी मुंबईला बातमी गेली तर सगळ्या गावाचं नुकसान.” सगुणा जगली, तिची पोर जगली, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आप्पांनी मला प्रायश्चित्त सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही आधी घ्या, मी बघून घेते.

सव्वा महिना झाल्यावर जावईबापू येऊन सगुणेला आणि पोरीला घेऊन गेले. जाताना सगुणा खुर्शीदच्या पाया पडली आणि खुर्शीद “अगो, हे काय, हे काय” म्हणत मागे मागे सरत कुंपणात जाऊन अडकली. बापाला भेटायला सगुणा घरी गेली नाही. यमुना मात्र परत नवऱ्याकडे गेली. मी अडवलं नाही. मी खोपीतच राहिले.

तिथे मी आमसुलं करते, फणसपोळी घालते, कोकमाचं आगळ काढते. गिऱ्हाईक कोण, तर उन्हाळ्यातले पाहुणेच. मला टोचून विचारणारे विचारतात, मग तुझ्यात आणि भिकाजीत फरक काय? मी सांगते, मी माल विकते आणि संध्याकाळी माझ्या चुलीजवळ माझ्या पाटावर बसून जेवते.

पुढच्या फाल्गुनात भिकू आला. दारात येऊन उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही.

“देवरुखहून स्वयंपाकीण आणली होती,” तो म्हणाला. “पळाली. सदूने फोडली. आक्का, झालं गेलं सोड. पाहुणे तुझ्या हातची आमटी विचारतात.”

“आणि मी राहू कुठे?”

“गोठ्यात आता नवीन फरशी घातलीय. तो पाहुण्यांना दिला. पण पावसाळ्यात मागची खोली तुझी. अगदी तुझी.”

“नको.”

तो खोपीभोवती हिंडायला लागला. मी त्या वर्षी भिंती मातीने लिंपून घेतल्या होत्या, खाडीच्या बाजूला एक खिडकी पाडली होती. भिकू त्या खिडकीशी थांबला. खाडीवरून वारा येत होता. त्याने डोळे बारीक करून बाहेर बघितलं, मग छपराकडे, मग पुढच्या अंगणाकडे.

“हल्ली मुंबईच्या लोकांना अशा झोपडीत राहायची हौस असते,” तो म्हणाला.

मी चुलीतलं जळतं लाकूड बाहेर ओढलं आणि त्याच्या हातात दिलं.

“मग आत्ताच पेटव,” मी म्हटलं. “कारण मी जिवंत असेपर्यंत इथे पाहुणा राहणार नाही.”

तो लाकूड धरून उभा राहिला. पेटवायचं धाडस त्याच्यात नव्हतं आणि टाकून द्यायचंही सुचत नव्हतं. धूर डोळ्यांत गेला तेव्हा त्याने ते नीट, अलगद, माझ्या चुलीपाशी आणून ठेवलं आणि माडांमधून निघून गेला. मी भात चढवला.